निर्माल्य होईना!

बेळगावातल्या मध्यमवर्गीय घरात शोकेस ही एक संस्था असते. तिला दोन सरकत्या काचा असतात, त्यांतली एक कायमची अडकलेली असते आणि आतल्या मंडळींना सेवाज्येष्ठतेनुसार जागा मिळते. वरच्या कप्प्यात आग्र्याचा ताजमहाल. त्याच्या पोटातला दिवा कधीच गेलेला. शेजारी कळंगुटच्या किनाऱ्यावरून आणलेला शिंपल्यांचा गणपती. मग गोकाकची रंगवलेली लाकडी फळं. त्यांतल्या केळ्यावर प्रत्येक पिढीतल्या एका तरी बाळाच्या दुधाच्या दातांची खूण असते. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या काकांना मिळालेली ढाल. आणि सगळ्यात खाली, पाहुणा किमान तहसीलदार असल्याशिवाय बाहेर न येणारा कपबशांचा सेट. या संस्थेत बरीच वर्षं नवी भरती बंद होती. अलीकडे मात्र बऱ्याच घरांतून ढाल जराशी सरकवली गेली आहे आणि त्या जागी काचेच्या फुलदाणीत लेगोच्या ठोकळ्यांचे डझनभर लाल गुलाब येऊन उभे राहिले आहेत.

ही फुलं बहुधा बेंगळूरहून येतात. पूर्वी मुलगा नोकरीला लागला की आईला साडी आणि बाबांना मनगटी घड्याळ पाठवायचा. आताच्या मुला-सुनेला काळजी वेगळीच: ही दोघं दिवसभर करतात तरी काय? खरं तर बेळगावच्या निवृत्त माणसाला मरायला सवड नसते. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरणं, मग ‘तरुण भारत’ निधनवार्तांसकट वाचणं, वाचलेल्यांतल्या ओळखीच्या घरी सांत्वनाला जाणं, येताना भाजी आणि भाजी आणताना पुढच्या कुणाच्या तरी आजाराची बातमी. दिवस कमी पडतो. पण हे फोनवर सांगितलं तर तिकडे पटत नाही. ‘बाबा, तुम्हाला एक छंद हवा,’ असं म्हणून ती मुलं कुरियरने खोकं धाडतात.

खोक्यावर पहिल्यांदा नजर जाते ती ‘१८+’ या आकड्यावर. कॅम्पातल्या थिएटरबाहेर इंग्रजी सिनेमांच्या पोस्टरवर ‘फक्त प्रौढांसाठी’ वाचून मान फिरवून चाललेली एक अख्खी पिढी अजून गावात आहे. शहापूरची आत्या त्यातलीच. तिने आकडा पाहिला, सुनेकडे पाहिलं आणि पोरांना परसात पाठवलं. मग खोकं उघडलं. आतून निघाल्या कागदी पिशव्या आणि गुलाबाची चित्रं. ‘याला कशाला गं अठरा वर्सं?’ हा तिचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे गुलाबाला वयाची अट कधी नव्हती. असलीच तर गुलाब देणाऱ्याला होती आणि ती मुलीचे वडील ठरवत.

या अटीमागे धंद्याचं साधं गणित आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे प्लॅस्टिक आलं आणि १९५८ च्या जानेवारीत आजच्या ठोकळ्याचं पेटंट नोंदलं गेलं: वर टेकाडं, खाली नळ्या, दाबलं की टक्. कित्येक दशकं मुलांनीच ही टक्-टक् केली. मग लेगो कंपनीच्या लक्षात आलं की, ती मुलं मोठी झालीत, पगार मिळवतात आणि दमलीत. त्यांच्यासाठी २०२१ च्या जानेवारीत फुलांची मालिका आली. पहिला गुच्छ ७५६ तुकड्यांचा, त्याच्या जोडीचं बोन्साय ८७८ तुकड्यांचं, पुढच्या वर्षी ऑर्किड ६०८ चं आणि २०२४ मध्ये हे आपले १२ गुलाब ८२२ तुकड्यांचे. जग टाळेबंदीत घरी बसलेलं असताना हा पहिला गुच्छ आणि बोन्साय दुकानात आले, ही त्यांची पत्रिकाच बलवत्तर.

त्या बोन्सायची एक गंमत सांगतो. त्याला चेरीचा गुलाबी बहर आहे. जरा जवळून, चष्मा पुसून पाहिलं तर कळतं की, त्यातली बरीचशी फुलं म्हणजे छोटे गुलाबी बेडूक आहेत. इतर खेळण्यांसाठी बेडकाचा साचा तयारच होता. त्यात गुलाबी प्लॅस्टिक ओतलं, बेडूक फांद्यांवर बसवले, लांबून बहर दिसला. आमच्या गावात हे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. इथे पावसाळ्यात खऱ्या झाडावरही फुलांपेक्षा बेडूकच जास्त असतात.

आता जोडणी. खोकं बाबांच्या नावाने आलेलं, म्हणून पिशव्या फोडण्याचा मान बाबांचा. तिथे त्यांचं कर्तृत्व संपतं. तुकडे परातीत ओतले की आईचं राज्य सुरू होतं. जिने चाळीस वर्षं रेशनच्या तांदळातले खडे निवडलेत, तिला लाल पाकळ्यांच्या ढिगातून गडद हिरवा, बोटाच्या पेराएवढा तुकडा काढायला कितीसा वेळ लागणार? बाबा पुस्तिका धरून ‘असा, टोकाला वाकडा’ असं वर्णन करीपर्यंत तो तुकडा त्यांच्या हातावर पडलेला असतो. बाबा तो बसवतात आणि ‘झाला माझा गुलाब’ म्हणतात. मराठी संसाराची श्रमविभागणी समजून घ्यायला यापेक्षा सोपं साधन मी पाहिलेलं नाही.

पण बेळगावकराला खरा धक्का बसतो तो त्या पुस्तिकेचा. आमच्याकडे कागद हातात आला की आधी भाषा बघायची, मग मजकूर. विजेचं बिल कन्नडमध्ये, लग्नाची पत्रिका मराठीत, औषधावरची सूचना इंग्रजीत. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, ती पण वरच्या बाजूला, असा कायदाच आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत बाकीच्यांनी आपापसात काय ते बघून घ्यायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्याला जोडलं. १९६७ साली सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, २०१४ साली गावाच्या नावाची पाटी बदलली. अशा गावात बाबांनी ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली, उलटी धरली, पुन्हा चाळली आणि सावकाश म्हणाले, ‘भाषाच नाही की ओ यात!’

जोडणीच्या त्या पानांवर खरोखर एक शब्द नव्हता. नुसती चित्रं, बाण आणि आकडे. कोणत्या लिपीचा आग्रह नाही, कुणाची अस्मिता दुखावत नाही, मोर्चा काढायला जागा नाही. शेजारच्या अक्का डब्यात धारवाडी पेढे घेऊन आल्या होत्या. त्यांचं मराठी बाजारापुरतं, आमच्या आईचं कन्नड भाजीपुरतं. पण चौऱ्याहत्तराव्या चित्रावर दोघींची बोटं एकाच तुकड्यावर पडली. अक्कांनी पाकळी उलटी बसली आहे हे दाखवून दिलं, आईने ती सुलटी केली, टक् झालं. ‘छलो अद री,’ अक्का म्हणाल्या. सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी समाधान व्यक्त झाल्याचा प्रसंग माझ्या आठवणीत तरी हा एवढाच.

तसं बघायला गेलं तर बिलुंडच्या त्या जोडाचं आम्हाला अप्रूप वाटणं साहजिक आहे. तिकडे १९५८ साली केलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. इकडे १९५६ साली जोडलेलं अजून ‘टक्’ म्हणून बसायचं आहे.

ही घट्ट बसण्याची बातमी उद्यमबागेत कारखाना असलेल्या काकांपर्यंत गेली. बेळगावची फाउंड्री आणि मशीन शॉप ही आमची खरी दैवतं; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथे सायकलचं दुकान काढलं, ही माहिती कुठलीही वस्तू उघडली की निघतेच. काका खिशात व्हर्नियर घालूनच आले. गुलाबाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. खोक्यातून एक ठोकळा उचलून त्यांनी मापं घेतली. दोन टेकाडांमधलं अंतर ८ मिलिमीटर. टेकाडाचा व्यास ४.८. ठोकळ्याची उंची ९.६. दुसरा ठोकळा घेतला, तीच मापं. तिसरा घेतला. मग ते बराच वेळ गप्प बसले. ‘रिजेक्शनच नाही की रे,’ ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो ओलावा होता तो त्यांच्या मुलीच्या पाठवणीच्या वेळीही नव्हता.

सगळं जोडून झाल्यावर परातीत बारीक तुकडे उरतात. पिशवीत कमी पडू नयेत म्हणून कंपनी ते जादा देते. पण ज्या माणसाने आयुष्यभर स्कूटर खोलून परत जोडली आणि दर वेळी एक नट हातात उरला, त्याला हे पटत नाही. बाबांनी उरलेल्या तुकड्यांची पुडी बांधून तिच्यावर ‘गुलाब – शिल्लक’ असं लिहिलं आणि ती कपाटात विम्याच्या कागदांत ठेवली. आता फुलदाणीपाशी जाताना ते जरा दबकत जातात. कुठला तरी देठ आतून ढिला आहे, असा त्यांचा संशय आहे.

खोट्या फुलांचं वावडं आम्हाला आहे, असं कुणी समजू नये. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्याने, बीचिराजाने, १२०४ साली ती बांधवली आणि तिच्या छताला दगडाचं कमळ उलटं लटकतं आहे. आठशे वर्षं झाली, ना कोमेजलं ना गळलं. गोकाकची लाकडी फळं वर आलीच. आंबोलीचा घाट उतरून गेलं की सावंतवाडीच्या चितार आळीत फणसापासून काजूपर्यंत सगळं लाकडाचं. आणि रुखवत? लग्नाच्या मांडवात टेबलावर मांडलेला तो संसार आठवा. पिस्त्याच्या टरफलांची कमळं, सुपारीचं जोडपं, मण्यांचं तोरण, क्रेप कागदाचे गुलाब, सॅटिनची शेवंती. एका काळात तर पायमोज्याचं नायलॉन तारेवर ताणून लिली करायचे क्लास गल्लोगल्ली चालत. मुलीला फुलं करता येतात म्हणजे ती संसार करील, असा त्यामागे विश्वास होता. त्या हिशोबाने लेगोची फुलं म्हणजे नव्या काळातलं रुखवतच. फरक एवढाच की, ते मुलीने सासरी न्यायच्या ऐवजी सून कुरियरने सासरी पाठवते आणि करायला सासऱ्यांना बसवते.

मग अडतं कुठे? ते आत्याने सांगितलं. तिने फुलदाणीसमोर खुर्ची ओढली आणि उलटतपासणी सुरू केली.

‘देवाला चालतंय?’

‘नाही.’

‘केसात माळता येतंय?’

‘टोचेल.’

‘गजरा, हार, वेणी?’

‘नाही.’

‘मेलेल्या माणसाला घालता येतंय?’

यावर कुणी बोललं नाही.

‘मग हे फूल कुठल्या कामाचं?’

आत्या म्हणाली ते खरंच होतं. आपल्याकडे फूल ठेवायची वस्तू नाही, द्यायची आहे. पहाटे परसात तोडलेली जास्वंद आंघोळीनंतर देवाला जाते. गणपत गल्लीत फूलवालीने हातावर मोजून दिलेला मोगरा तासाभरात कुणाच्या तरी अंबाड्यावर जातो. दुसऱ्या दिवशी सगळ्याचं निर्माल्य होतं आणि ते विहिरीत, नदीत नाही तर महापालिकेच्या कलशात पडतं. फुलाचं आयुष्य हे असं चोवीस तासांचं, पण भरगच्च. लेगोच्या फुलाला यातलं काहीच नाही. ते कुणाला अर्पण होत नाही, म्हणून त्याचं निर्माल्य होत नाही, म्हणून ते टाकता येत नाही. फुलदाणीत ते पेन्शन घेत बसून राहतं.

त्याची सेवा मात्र करावी लागते. खऱ्या फुलाला पाणी लागतं, याला फडकं लागतं. बेळगावचा पाऊस जूनमध्ये एकदा सुरू झाला की चपलांपासून ग्रंथांपर्यंत सगळ्यावर बुरशी चढते. उन्हाळ्यात लाल धूळ. गुलाबाच्या पाकळ्यांच्या फटीत ती धूळ अशी बसते की, रंगाला पत्रिकेतला ‘गहूवर्ण’ म्हणावं लागतं. कापडाने पुसावं तर पाकळी निघते, फुंकर मारावी तर नाकात जाते. घरोघरी यावर एकच तोडगा निघाला आहे: दाढीचा जुना ब्रश. मुलाने छंद म्हणून पाठवलेली वस्तू आईच्या कामांच्या यादीत ताजमहालाच्या खाली जाऊन बसली आहे.

याचा एक उपयोग मात्र मला सुचला आहे आणि सीमाभागातल्या संयोजकांनी तो मनावर घ्यावा. थंडीत आमच्याकडे गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर. ग्रंथदिंडी, लेझीम, परिसंवाद आणि सत्कार. सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शाल पाहुणा घरी नेतो, श्रीफळ त्याचा ड्रायव्हर नेतो, पुष्पगुच्छ मात्र सत्कार होताच स्टेजच्या मागे जातो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पाहुण्याच्या हातात येतो. दुपारच्या सत्रातल्या कवीपर्यंत पोचता पोचता त्या गुच्छाने सकाळपासूनची सगळी भाषणं ऐकलेली असतात आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तिथे लेगोचा गुच्छ ठेवला तर? एकाच खर्चात उद्घाटकापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळे उरकतील. पुढच्या रविवारी तोच दुसऱ्या गावाला. अध्यक्षीय भाषण कितीही लांबलं तरी त्याची एक पाकळी मान टाकणार नाही. एवढी सहनशक्ती जिवंत श्रोत्याकडेही मागू नये.

सरकारच्या दृष्टीने ही चीज नेमकी काय, हाही घोळच आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत प्लॅस्टिकच्या फुलांनी फूल उत्पादकांचं नुकसान होतं म्हणून ती बंद करा, अशी मागणी झाली आणि फलोत्पादन मंत्र्यांनी बंदी आणायचं कबूल केलं. उद्या तसं काही झालं आणि कोल्हापूरच्या भाच्याला हा गुच्छ द्यायला निघालो, तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर सांगायचं काय? फूल म्हटलं तर तिकडे बंदी. खेळणं म्हटलं तर खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर नेलेली. मागच्या सीटवरचे बाबा पावती शोधणार. शोभेची वस्तू म्हटलं तर आत्या हरकत घेणार.

निपाणीच्या मामांपुढे या गुलाबाची कथा रंगवून सांगितली तेव्हा त्यांना फुलापेक्षा पानात रस दिसला. त्यांच्या भागात फूल ही गोष्ट मुळात तोट्याची. तंबाखूला कळी दिसली की शेंडा खुडायचा, म्हणजे जोर पानात उतरतो. उसाला तुरा आला की पोटात गोळा. साखर उतरते, वजन घटतं, कारखान्याची तोड लवकर येत नाही. दोन्ही नगदी पिकं फुलावर आली की घरात सुतक. अशा माणसाला मी सांगितलं की, लेगोच्या खोक्यात ठोकळे तेलापासूनच्या प्लॅस्टिकचे असले तरी पानं, झुडपं असे बरेच मऊ भाग २०१८ पासून उसाच्या प्लॅस्टिकचे करतात. ब्राझीलमधला ऊस, त्याचं इथेनॉल, त्या इथेनॉलचं पॉलिथिन, पॉलिथिनची पानं.

मामांनी हिशोब मांडायला घेतला. आपल्या उसाची साखर होते, मळीचं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं, चिपाडाची वीज होते. बेळगावात निजलिंगप्पांच्या नावाची साखरेची शिक्षणसंस्था आहे, जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे कारखान्याची चिमणी. ‘आणि एवढं असून,’ मामा म्हणाले, ‘उसाला गुलाबाची पानं फुटत्यात हे आमाला डेन्मार्कनं सांगायचं?’ मग जरा विचार करून म्हणाले, ‘तुऱ्यापेक्षा बरं हाय पण. ह्याला कारखाना नाही तर कोणतरी पैसे देतंय.’

दिवाळीत बेंगळूरचा नातू आला. भाऊबिजेला त्याला निपाणीला नेऊन आणलं, येताना मामांनाही बरोबर घेतलं. हंगाम नुकताच सुरू झालेला. हायवेभर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर गाणी लावलेले भोंगे. पोरगं खिडकीला नाक लावून बघत होतं. घरी आल्यावर मोठी माणसं फराळाच्या डब्यांत आणि कुणाचं लग्न ठरलं या विषयात गुंतली. शेजारच्या खोलीतून टक्-टक् ऐकू येत होती, पण या घरात तो आवाज आता शुभ मानतात.

आत जाऊन पाहिलं तर डझनभर गुलाबांची रांगोळी झाली होती. पाकळ्या एका बाजूला, पानं एका बाजूला. आणि मधे त्याने बेंगळूरहून आणलेला ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांत उभे-आडवे शिगोशीग भरलेले गुलाबांचे लांब हिरवे देठ. भोंग्यांच्या जागी दोन लाल पाकळ्या खोचलेल्या. बाबा कपाटातून शिल्लकेची पुडी आणि पुस्तिका आणायला धावले. सुनेने कपाळाला हात लावला. आई परातीकडे बघत होती, म्हणजे तिने पुढच्या आठवड्याचं काम ओळखलं होतं.

खूश एकटी आत्या. ‘आता झालं की ते फूल!’ ती म्हणाली. ‘इतके दिवस नुसतं बसून होतं. कुणाच्या तरी हातानं खर्ची पडलं, बरं झालं.’

मामांनी वाकून ट्रॉली नीट न्याहाळली. भरणी पक्की होती, पाचट काढलेलं होतं, वजन रास्त दिसत होतं.

‘भरलाईस झकास,’ ते नातवाला म्हणाले. ‘पण निघायच्या आधी विचारून घे बाबा, यंदा दर काय देणार?’